मंद प्रकाश आणि छायाचित्रातील ठिपके

मुमताजमहलचे निधन १६३१ मध्ये बऱ्हाणपुरात झाले. तेथील शाही किल्ल्याच्या हमामखान्यातील छतावर रंगीत नक्षी आहे. आत उजेड बेताचाच. भिंगाचे छिद्र तेच ठेवून मी तिची दोन छायाचित्रे घेतली. पहिले आयएसओ ६४०० वर, १/६० सेकंदात; दुसरे तिवईवरून, आयएसओ १०० वर, सुमारे एका सेकंदात. दोन्ही सारखीच उजळ. पण पहिल्यात सर्वत्र ठिपके, म्हणजेच ‘नॉईज’.

याचे कारण काय? आयएसओ वाढविल्याने उजेड वाढत नाही. मिळालेला संकेत फक्त मोठा होतो. प्रकाश कणाकणाने, अनियमितपणे येतो. एखाद्या बिंदूवर सरासरी १०० कण पडत असतील, तर चढउतार सुमारे १० कणांचा, म्हणजे १० टक्के असतो. १०,००० कणांत तो १०० चा, म्हणजे अवघा १ टक्का. दुसऱ्या छायाचित्राला उजेड ६४ पट मिळाला. म्हणून ठिपक्यांचे प्रमाण सुमारे एक-अष्टमांश झाले.

धावत्या माणसासाठी मोठा आयएसओ घ्यावाच लागतो. छत मात्र जागचे हलत नाही. पुसट होत चाललेल्या नक्षीची नोंद करताना रेषा कोणती आणि ठिपका कोणता, हे पुढच्या अभ्यासकाला कळले पाहिजे. त्यासाठी एक सेकंद थांबणे महाग नाही.