एका शिक्षकाची संख्या : १४२८५७

वसई-विरारच्या शाळांना गणिताची गोडी लावणारे एक उदाहरण जिल्ह्यातच उपलब्ध आहे. तत्कालीन ठाणे, आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे १९०५ मध्ये दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. देवळालीच्या शाळेत शिक्षकी करीत त्यांनी संख्यांचा ध्यास घेतला. पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शिक्षकाचे संशोधन अनेक गणितज्ञांनी क्षुल्लक मानले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी एका अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोचले. तोवर कापरेकर सेवानिवृत्त झाले होते.

१४२८५७ ही संख्या घ्यावी. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. उजवीकडील सहा अंक वेगळे केले असता २०४०८ व १२२४४९ हे दोन भाग मिळतात आणि त्यांची बेरीज पुन्हा १४२८५७ च येते! अशा संख्येस ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. खालच्या वर्गांसाठी ४५ पुरे : वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ बरोबर ४५.

१४२८५७ च्या अंकांची बेरीज २७. २७ ने तिला निःशेष भाग जातो. या गुणाच्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले. वसई पश्चिमेचा पिनकोड ४०१२०२ हाही हर्षदच आहे. त्याचा पडताळा विद्यार्थ्यांनीच फळ्यावर घ्यावा. नंतर विरारचा ४०१३०३ तपासावा. तो हर्षद ठरत नाही.