दोष कोणाचा?

घरात चोरी झाली, तर आपण चोराला शोधतो. घरधन्याला कोणी गुन्हेगार म्हणत नाही. पण बाईवर अत्याचार झाला की न्याय उलटा फिरतो. "ती बाहेर गेलीच कशाला? ओरडली का नाही?" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी.

मार्गारेट ॲटवूड या कॅनडाच्या लेखिका. १९८५ साली त्यांची एका कल्पित जुलमी राज्यावरची कादंबरी निघाली. त्या राज्यात अत्याचार झालेल्या बाईला सगळ्यांपुढे बसवतात. बाकीच्या बायका एका सुरात म्हणतात, दोष हिचाच. शेवटी तीही तसेच बोलू लागते.

ही झाली गोष्ट. आता खरी हकीकत ऐका.

१९७२ साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंज येथे हे घडले. एका गरीब आदिवासी मुलीला चौकशीसाठी पोलीस ठाण्यात नेले होते. तिथे दोघा पोलिसांनी अत्याचार केला, अशी तिने तक्रार दिली. खालच्या कोर्टाने तिच्याच चालचलणुकीवर बोट ठेवून दोघांना सोडले. हायकोर्टाने त्यांना शिक्षा दिली. पण १९७८ साली सुप्रीम कोर्टातून ते सुटले. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तेव्हा तिची संमती होती, असे धरले गेले.

रात्रीची वेळ, ठाणे पोलिसांचे. त्या पोरीने झगडायचे कोणाशी? भिऊन गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे.

१९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. ठिकठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या. निकाल बदलला नाही, पण कायदा बदलला. १९८३ पासून पोलिसांच्या ताब्यातील बाई "माझी संमती नव्हती" म्हणाली, तर कोर्ट आधी तिचे म्हणणे धरून चालते. पीडित बाईचे नाव छापणे हाही गुन्हा ठरला. २०१३ साली आणखी स्पष्ट झाले, की केवळ झटापट केली नाही म्हणून संमती ठरत नाही. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हे कायम आहे.

कायदा बदलला. आता आपली जीभ बदलायची. गावात असा प्रसंग आला, तर बाईच्या वागण्याची चर्चा चावडीवर नको. तिचे नाव चघळू नका. तिच्यासोबत पोलीस ठाण्यात चला. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते. आणि पहिला प्रश्न एकच विचारा : हे केले कोणी?