विक्रीच्या नोंदी आणि अहवालातील आलेख

महिला बचत गटांची विक्री केंद्रे, ग्राहक भांडारे, खरेदी-विक्री संघ यांच्या कामाचा आढावा घेताना सभेपुढे जो अहवाल ठेवला जातो, त्यात आकड्यांच्या तक्त्याबरोबर आलेखही जोडण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. तक्ता वाचावयास वेळ लागतो. आलेख अर्ध्या मिनिटात पाहून होतो, आणि पुष्कळदा निर्णयही तेवढ्यातच होतो. तालुक्याच्या गावी भाड्याने घेतलेला गाळा पुढील वर्षी ठेवावयाचा की सोडावयाचा, मसाल्याचे उत्पादन वाढवावयाचे की पापडाचे, बँकेकडे खेळत्या भांडवलाची मागणी किती करावयाची, हे प्रश्न त्या उंचसखल स्तंभांकडे पाहून सोडविले जातात. म्हणूनच हे स्तंभ संगणकात कसे उभे राहतात, याची माहिती ते आखणाऱ्याइतकीच ते पाहून हात वर करणाऱ्या सभासदासही असावयास हवी.

व्यापाराच्या आकड्यांचे आलेख काढण्याची पद्धत जुनी आहे. विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहात इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे वर्षानुवर्षांचे आलेख रेषांनी दाखविले होते. स्कॉटलंडची मात्र त्याच्याजवळ एकाच वर्षाची आकडेवारी होती. तेव्हा त्याने रेषा न काढता प्रत्येक देशासाठी आडवे पट्टे काढले. हाती असलेली नोंद कोणत्या प्रकारची आहे यावर आलेखाचे रूप ठरते, हे त्या पट्ट्यांनी तेव्हाच दाखवून दिले.

डेटाबेस म्हणजे परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांचा साठा. ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या पद्धतीनुसार एका प्रकारची माहिती एका तक्त्यात ठेवली जाते. विक्री केंद्रापुरते बोलावयाचे तर एका तक्त्यात बिले (क्रमांक, तारीख, गाव, एकूण रक्कम) आणि दुसऱ्या तक्त्यात बिलांतील जिनसा (बिल क्रमांक, जिन्नस, वजन, दर). या तक्त्यांतून हवी ती माहिती वेचून आणण्याच्या आज्ञेस क्वेरी म्हणतात. अहवालातील आलेख क्वेरीवर उभा असतो. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस घ्या किंवा विनामूल्य मिळणारे लिब्रेऑफिस बेस घ्या, आलेख जोडताना मूलतः तीनच गोष्टी ठरवावयाच्या असतात : आडव्या अक्षावर काय, उभ्या अक्षावर कशाची बेरीज, आणि निरनिराळ्या रंगांचे स्तंभ कशासाठी. हे काम पाच मिनिटांचे आहे. खरी मेहनत त्याआधी, क्वेरीत, करावी लागते.

पहिली अडचण दोन तक्ते जोडताना येते. समजा, एका बिलावर पापड, शेवया व मसाला अशा तीन जिनसा असून बिलाची रक्कम ६०० रुपये आहे. दोन्ही तक्ते जोडताच या बिलाच्या तीन ओळी होतात आणि प्रत्येक ओळीत ६०० चा आकडा येतो. त्या रकान्याची बेरीज १,८०० रुपये. संगणक चूक झाल्याचे सांगत नाही, कारण त्याच्या लेखी चूक झालेलीच नाही. जिनसांचा तक्ता जोडलेला असेल तेव्हा वजन गुणिले दर अशी ओळीची रक्कम काढून तिची बेरीज घ्यावी. बिलाची एकूण रक्कम तेथे घेऊच नये. ज्या केंद्रात ग्राहक एका वेळी पुष्कळ जिनसा नेतात, ते केंद्र अशा आलेखात विनाकारण अव्वल ठरते आणि जेथे गिऱ्हाईक फक्त पापड नेते, तेथील भगिनींच्या श्रमाचा स्तंभ त्यापुढे खुजा दिसतो.

दुसरी अडचण तारखेची असून ती आपल्याकडे विशेष जाणवते. अ‍ॅक्सेसच्या क्वेरीत एसक्यूएल भाषेत थेट लिहिलेली तारीख अमेरिकी पद्धतीने, म्हणजे आधी महिना व मग दिवस, अशी वाचली जाते. आर्थिक वर्षासाठी ०१/०४/२०२४ ते ३१/०३/२०२५ अशी मर्यादा घातली, तर पहिली तारीख १ एप्रिल न राहता ४ जानेवारी होते. दुसरीत ३१ वा महिना असू शकत नाही, म्हणून ती ३१ मार्चच वाचली जाते. परिणामी बारा महिन्यांऐवजी जवळजवळ पंधरा महिन्यांची विक्री एका वर्षाच्या नावावर जमा होते. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे २०२४-०४-०१ या रीतीने लिहिल्यास हा घोटाळा टळतो.

महिन्यांची नावे मराठीत लिहून त्यांनुसार गट पाडले, तर ती वर्णानुक्रमाने लागतात : एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, जुलै, जून. असा आलेख मूळ विक्री कशीही असली तरी करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. महिन्याचा क्रमांक वापरला तर जानेवारी पहिला येतो आणि आर्थिक वर्षाचे शेवटचे तीन महिने आरंभी जाऊन बसतात. वर्ष व महिना या दोहोंवर क्रम लावावा. नाव केवळ अक्षाखाली दाखविण्यापुरते ठेवावे.

पावसाळ्यात पापड वाळत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये विक्रीची एकही नोंद नसेल, तर क्वेरीच्या उत्तरात ते महिने येतच नाहीत आणि रेषा जूनवरून थेट सप्टेंबरवर जाते. पाहणाऱ्यास वाटते, विक्री अखंड चालू होती. यासाठी महिन्यांचा स्वतंत्र तक्ता करून त्यातील सर्व ओळी कायम राहतील अशा रीतीने तो विक्रीच्या तक्त्यास जोडावा. मात्र विक्री झाली नाही आणि नोंद भरली गेली नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य केव्हा लिहावयाचे हे केंद्र चालविणाऱ्यांना विचारूनच ठरवावे.

सणांचा प्रश्न याहून नाजूक आहे. आपल्या बाजारपेठेची लय तिथीवर चालते आणि अहवाल इंग्रजी महिन्यांवर. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे पुढील सण लांबले व लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आले. २०२५ साली भाऊबीजही २३ ऑक्टोबरला आटोपली. या दोन वर्षांच्या नोव्हेंबरचे स्तंभ शेजारी ठेवले, तर फराळाच्या पिठांची व मसाल्यांची विक्री कोसळल्याचा भास होईल आणि एखादा उत्साही अधिकारी त्याचे कारणही शोधून काढील! सणांच्या तारखांचा एक लहानसा तक्ता डेटाबेसमध्ये ठेवून दिवाळीपूर्वीच्या तीस दिवसांची तुलना दिवाळीपूर्वीच्या तीस दिवसांशीच करावी. हा तक्ता भरावयास फारसा वेळ लागत नाही, आणि आमच्या मते सर्व सोयींमध्ये हीच सर्वांत उपयोगी आहे.

रुपयांबरोबर वजनाचाही आलेख द्यावा. समजा, गेल्या वर्षी १०० किलो पापड ३०० रुपये दराने विकले गेले आणि यंदा ९० किलो ३५० रुपये दराने. रुपयांचा स्तंभ ३०,००० वरून ३१,५०० वर चढतो; गिऱ्हाईक मात्र उतरले आहे. उभा अक्ष स्तंभालेखात शून्यापासूनच सुरू करावा. ४८,००० व ५०,००० या रकमांसाठी अक्ष ४७,००० पासून धरल्यास दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो.

आलेख अहवालात कोठे बसवावयाचा, हेही पाहावे लागते. तो तपशिलाच्या भागात ठेवल्यास प्रत्येक ओळीगणिक पुन्हा छापला जातो. सबंध तालुक्याचा एकच आलेख हवा असल्यास अहवालाच्या आरंभी किंवा अखेरीस, आणि गाववार हवे असल्यास गावाच्या गटाच्या तळाशी ठेवून गावाच्या रकान्याने जोडावा. छापण्यापूर्वी कोणत्याही एका महिन्याचा स्तंभ केंद्रातील बिलबुकाच्या बेरजेशी ताडून पाहावा. ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते ती बहुधा काळी-पांढरी छायाप्रत. तीत लाल व हिरवा स्तंभ सारखेच करडे दिसतात, म्हणून रंगांऐवजी रेघा व ठिपके वापरावेत आणि खाली कालावधी, एकक व नोंदी कोणत्या तारखेपर्यंतच्या आहेत, ते छापावे.