आधी पूर्वसंमती, मग पोकलेन

बाळा, पुण्याची नोकरी सोडून जालन्याची मोसंबी हाती घेतोयस, म्हणून सांगतो. शेततळ्याचा अर्ज भरायच्या आधी पहिल्या मोठ्या पावसात माझ्याबरोबर रानात चल. पाणी कुठून उतरतं, कुठल्या बांधाशी थबकतं ते डोळ्यांनी बघ. तळं तिथं घ्यायचं, ट्रॅक्टर सहज जातो तिथं नाही. आणि ओढ्याच्या पात्रात तर मुळीच नाही, एका पुरात गाळानं भरून जाईल.

कागद आत्ताच नीट कर. सातबारा आणि आठ-अ काढ, फार्मर आयडी घे. आपल्या गटात चुलत्यांची नावं आहेत, तेव्हा त्यांचं संमतीपत्र आधीच घेऊन ठेव. ठरलेली किमान जमीन तुझ्या नावावर लागते. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. पूर्वी तिथं सोडत निघायची, २०२५ पासून आधी अर्ज करील त्याचा नंबर आधी, म्हणून उगाच रेंगाळू नकोस. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. कुठलं खातं जोडलंय ते बँकेत जाऊन विचार.

अनुदानाची पूर्वसंमती हातात पडेपर्यंत मशीन रानात आणायचं नाही. ठिबकचंही तसंच. मी एकदा घाईनं नळ्या आधी आणल्या, बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाली आणि फाईल परत आली. चूक माझीच होती. पैसे गेले ते गेलेच.

शेततळ्याला जास्तीत जास्त ७५ हजार मिळतात, तेही काम झाल्यावर, मोका तपासणीनंतर. खोदाईवाला तोवर थांबत नाही, तेव्हा हाताशी रक्कम असेल तरच सुरुवात कर. आपल्याकडे दोन हातांवर मुरूम लागतो, पाणी झिरपून जाईल. प्लास्टिक अंथरावंच लागेल. अस्तरीकरणाचा अर्ज वेगळा असतो. ठिबकला पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला ८० टक्के मिळतात, त्यावर असेल तर ७५. सरकारी मापदंडापेक्षा बिल जास्त झालं तर वरचे पैसे आपले.

आता मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. तीस बाय तीसचं, तीन मीटर खोल तळं भरलं की जवळजवळ २२ लाख लिटर पाणी साठतं. ते आभाळाचं असू दे. आजकाल लोक बोअर दिवसरात्र चालवून तळी भरतात. जमिनीखालचं गार पाणी वर काढायचं आणि उन्हात वाफ होऊ द्यायचं! सरकार पैसे देतं ते पाऊस अडवायला. शेजारच्या विधवा मावशीची विहीर आपल्या तळ्यापायी आटली, तर ती मोसंबी मला गोड लागणार नाही. २०१२ सालच्या दुष्काळात आपली बाग उभी वाळली, तेव्हा मी रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसायचो. आपल्यावर आलं ते दुसऱ्यावर आपल्या हातानं आणायचं नाही.

पाणी आत येतं त्या तोंडाशी गाळ बसायला एक खड्डा ठेव, दर उन्हाळ्यात उपस. वर आलेल्या मातीचा बांध घालून त्यावर गवत लाव.

आणि कुंपण. प्लास्टिक ओलं झालं की पाय ठरत नाही, पोहणारा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोड, हवा भरलेली एक ट्यूब काठाला बांधून ठेव. यातलं काही पूर्वसंमतीच्या कागदात नसेल, तरी पाणी आत घ्यायच्या आधी करायचं. तुझी धाकटी आता चालायला लागलीय.