काटा काय सांगत नाही?

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे धानाचे पोते काट्यावर ठेवले की वजन कळते. पण त्यात भरलेला दाणा किती आणि पोचट किती, हे काटा सांगत नाही. माणसाच्या शरीराचेही तसेच आहे.

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की 'बीएमआय' हा निर्देशांक मिळतो. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचाही निर्देशांक २२.३. हाड, स्नायू व मेद क्ष-किरण कमीअधिक शोषतात. म्हणून दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी दोघांची तपासणी केली. युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के आढळला!

असा मेद पोटात व यकृतात साठला की इन्शुलिनचे काम अडखळते. कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची रक्तशर्करा व रक्तातील ट्रायग्लिसराइड यांचे वाढणे आणि उपयुक्त एचडीएल कोलेस्टेरॉलचे घटणे, या पाचांपैकी तीन गोष्टी एकत्र आढळल्या तर त्यास 'चयापचय लक्षणसमूह' म्हणतात. मधुमेह, हृदयविकार व लकवा यांची ती पूर्वसूचना होय.

हे केवळ शहरी दुखणे आहे काय? गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचा ८६ खेड्यांतील अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात साधारणपणे दर सात मृत्यूंपैकी एक लकव्याने झाल्याचे आढळले. लकव्याचे प्रमुख कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब. तो बहुधा दुखत-खुपत नाही आणि सडपातळ माणसालाही सोडत नाही. तेव्हा "मी तर वाळका, मला कसला बीपी?" हे आजोबांचे म्हणणे शास्त्राला धरून नाही.

आता एक प्रयोग करा. शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर, टेप न आवळता घेर मोजा. घेराला उंचीने भागा. उत्तर ०.५ पेक्षा कमी असावे. प्रौढ भारतीयांसाठी धोक्याची रेषा पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटर मानतात. शिक्षकांनी हे आकडे वर्गात मोठ्याने वाचू नयेत. ज्याचे त्याने आपल्या वहीत लिहावेत.

मात्र टेपने रक्तदाब कळत नाही. त्यासाठी या आठवड्यात आजोबांना आरोग्य केंद्रात घेऊन जा.