वस्तू कोणाची, कृती कोणाची?
संस्थाजीवनातील स्वामित्वहक्काचा थोडा विचार

संस्थेच्या जमिनीचा उतारा असतो, इमारतीचे खरेदीखत असते, ठेवींच्या पावत्या असतात. आणि हे सर्व हिशेबतपासनिसाच्या सहीनिशी वार्षिक सभेपुढे मांडलेही जाते. परंतु संस्थेत वर्षानुवर्षे म्हटली जाणारी प्रार्थना कोणी रचिली, गणेशोत्सवात बसविलेले नाटक कोणाच्या परवानगीने झाले, जुन्या स्मरणिकेतील छायाचित्रे कोणाची, असे विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते : “ते आपलेच आहे!” या ‘आपले’ शब्दात जिव्हाळा पुष्कळ आहे, परंतु कायद्याच्या दृष्टीने त्यातून मालकी सिद्ध होत नाही.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या मंडळींच्या बाबतीत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. आपली भाषा येथे टिकली ती उत्सवातील नाटके, कीर्तने, मेळ्यांची पदे, व्याख्याने आणि हस्तलिखिते यांच्या आधारावर. यांपैकी पुष्कळ सामग्री संस्थेच्या कपाटात आहे, आणि ती लिहिणाऱ्यांची नातवंडे आज याच संस्थेची सभासद आहेत. आजोबांची पदे पुस्तकरूपाने काढावयाची झाली म्हणजे घरचे म्हणतात, “ती आमची”, आणि संस्था म्हणते, “ती आमची.” अशा तंट्यांच्या मुळाशी पैसा क्वचितच असतो, बहुधा कोणाचे तरी नाव गाळल्याचे दुःख असते. सुवर्णमहोत्सव किंवा हीरकमहोत्सव करणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा विषय नीट समजून घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वस्तू निराळी, कृती निराळी

ज्याला आपण व्यवहारात कॉपीराइट म्हणतो त्या स्वामित्वहक्काचे सारे मर्म एका भेदात आहे. कागद, कॅनव्हास, फीत ही वस्तू. तीवर उमटलेली रचना ही कृती. वस्तू आपल्या हाती आली म्हणजे कृती आपली झाली, असे होत नाही.

याचे सर्वांत सोपे उदाहरण पत्राचे. इंग्लंडात १७४१ साली कवी अलेक्झांडर पोप याने आपली पत्रे परस्पर छापणाऱ्या कर्ल नावाच्या पुस्तकविक्रेत्यावर दावा केला. न्यायालयाने असा निर्णय दिला की, पत्र ज्याला आले त्याचा त्या कागदावर हक्क खरा. परंतु ते छापून जगापुढे मांडण्याचा हक्क त्याला मिळत नाही, तो लिहिणाराकडेच राहतो. आपल्याकडेही न्याय हाच आहे. एखाद्या थोर पुरुषाची पत्रे कोणी संस्थेस भेट दिली, तर ती जपून ठेवणे आणि दाखविणे संस्थेच्या हाती आहे. छापण्यापूर्वी पत्रलेखकाची किंवा त्याच्या वारसांची संमती पाहिजे. मृत्युपत्राने अप्रकाशित हस्तलिखित दिले असेल तर मात्र, त्या मृत्युपत्रात वेगळे काही नसल्यास, हस्तलिखिताबरोबर लेखकाचा स्वामित्वहक्कही जातो, अशी भारतीय कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे.

वस्तूचा मालक तिचे वाटेल ते करू शकत नाही, हे आपल्या देशातील एका प्रसिद्ध खटल्यातही दिसून आले. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे प्रचंड भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होते. १९७९ साली ते काढून गोदामात टाकण्यात आले व त्याची मोडतोड झाली. शिल्प सरकारने पैसे देऊन घेतले होते. तथापि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष शिल्पकारास परत देण्याचा आणि ५ लाख रुपये नुकसानभरपाईचा हुकूम केला. कर्त्याचे नाव राखणे आणि त्याच्या कृतीचे विद्रूपीकरण होऊ न देणे, हा हक्क कृती विकल्यानंतरही कर्त्याकडे राहतो.

हक्क कशावर, आणि कशावर नाही

आपला सध्याचा कायदा १९५७ सालचा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला आणि पुढे त्यात अनेक दुरुस्त्या झाल्या. साहित्य, नाट्य, संगीत व कला यांतील स्वतंत्र कृती, तसेच चित्रपट आणि ध्वनिमुद्रणे यांना त्याचे संरक्षण आहे. हक्क कृती निर्माण होताच उत्पन्न होतो. नोंदणी सक्तीची नाही. केली असल्यास वादप्रसंगी पुराव्यास उपयोगी पडते, इतकेच.

मात्र नुसत्या कल्पनेवर कोणाचीही मालकी नसते. आर. जी. आनंद यांच्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा १९५६ सालचा चित्रपट चोरला, असा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन्हींत प्रांतीय अभिमानाचाच विषय होता. १९७८ साली न्यायालयाने तो दावा फेटाळला. विषय, कल्पना, कथाबीज, ऐतिहासिक घटना या सर्वांच्या आहेत. संरक्षण आहे ते मांडणीला, असे त्या निकालाचे सार आहे. म्हणून शिवचरित्रावर दोन सभासदांनी दोन नाटके लिहिली, तर कोणी कोणाचे चोरले असे होत नाही. एकाचे संवाद दुसऱ्याने उचलले तर मात्र होते.

पहिला मालक कोण?

सामान्य नियम असा की, कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. याला अपवाद आहेत, आणि घरगुती समजुतीचे घोटाळे बहुतेक तेथेच होतात.

(१) पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम, उलट करार नसल्यास, मालकाचे. पण संस्थेचा मानद चिटणीस हा नोकर नव्हे. त्याने रात्री जागून लिहिलेला संस्थेचा इतिहास त्याचाच राहतो.

(२) पैसे देऊन काढविलेले छायाचित्र किंवा चित्र, उलट करार नसल्यास, काढविणाऱ्याचे. पण एखाद्या हौशी सभासदाने समारंभाची छायाचित्रे हौसेने काढली असतील, तर ती त्याची. पुतळ्याची गोष्ट याहून निराळी आहे. या अपवादात शिल्पाचा उल्लेख नसल्यामुळे, संस्थेने पैसे देऊन करविलेल्या पुतळ्याचा स्वामित्वहक्क शिल्पकाराकडे राहतो. सार्वजनिक जागी कायम उभारलेल्या पुतळ्याचे छायाचित्र घेण्यास व छापण्यास मात्र कायद्याने मुभा आहे.

(३) जाहीर व्याख्यान, वक्ता दुसऱ्या कोणाच्या वतीने बोलत नसेल तर, वक्त्याचे असते. मांडव, ध्वनिक्षेपक आणि श्रीफळ संस्थेचे असले तरी त्याने फरक पडत नाही.

(४) स्मरणिकेस विनामूल्य दिलेला लेख लेखकाचाच. एकदा छापण्यास दिला म्हणजे कायमचा दिला, असे नव्हे.

लिहून घेणारा आणि रचणारा यांतही भेद केला पाहिजे. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरच्या माणसांनी ऐकून लिहून घेतल्या, आणि १९५१ साली त्या निवर्तल्यानंतर १९५२ साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. लेखणी दुसऱ्याची होती, परंतु कवयित्री कोण याविषयी महाराष्ट्राला कधी संशय पडला नाही. आपल्या घरांतील आजींच्या ओव्या, उखाणे, अंगाईगीते टिपून घेणाऱ्यांनी हा धडा ध्यानात ठेवावा. टिपणाऱ्याच्या नावाआधी रचणारीचे नाव यावे.

हक्क किती काळ टिकतो?

साहित्य, नाट्य व संगीत यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे असतो. ही मुदत पूर्वी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले असल्यामुळे त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत होता. त्या सुमारास मुदत १० वर्षांनी वाढविण्यात आली.

आता हिशेब करून पाहू. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके २०११ च्या आरंभापासून सर्वांना मोकळी झाली. आचार्य अत्रे १९६९ साली गेले. त्यांच्या नाटकांचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. कुसुमाग्रज १९९९ साली गेले. त्यांच्या ‘नटसम्राट’चा हक्क २०५९ अखेरपर्यंत चालेल.

एकाच गाण्यात अनेकांचे हक्क असू शकतात, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. ‘संगीत मानापमान’ रंगभूमीवर आले १९११ साली. पदांचे शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे. ते १९४८ साली गेले, म्हणून शब्द २००९ पासून मोकळे. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. ते १९५५ साली गेले, म्हणून चाली २०१६ पासून मोकळ्या. पण एखाद्या गायकाने अलीकडे गाऊन प्रसिद्ध केलेली ध्वनिमुद्रिका निराळी. तिचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे असतो. तात्पर्य, तेच पद आपण स्वतः गाऊ शकतो. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रिकेच्या प्रती मात्र वाटू शकत नाही. ज्ञानेश्वरीचेही तसेच : ओव्या सर्वांच्या, परंतु आजच्या संपादकाच्या टीपा आणि प्रस्तावना त्याच्या.

उत्सवातील नाटक

हौशी मंडळाने नाटक, गीत किंवा संगीत सादर केले आणि प्रेक्षकांकडून पैसे घेतले नाहीत, तर ते हक्कभंग ठरत नाही. प्रयोग धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ असेल तरीही सवलत आहे. पण येथे एक शब्द नीट वाचावा. कायद्याने म्हटले आहे ‘धार्मिक’. ‘धर्मादाय’ असे म्हटलेले नाही. विद्यार्थिवसतिगृहाच्या किंवा रुग्णसाहाय्याच्या निधीसाठी तिकिटे लावून केलेला प्रयोग कितीही पुण्याचा असला, तरी त्याला ही सवलत मिळत नाही. आपल्यासारख्या न्यासांची चूक होते ती नेमकी येथे. अशा वेळी नाटककाराची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी घ्यावी आणि ठरलेले मानधन प्रयोगापूर्वी पोचते करावे. लग्नसमारंभातील आणि खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीतील गायन-वादनालाही कायद्यात निराळी सूट आहे.

ही सवलत सादर करण्यापुरती आहे. प्रयोगाचे चित्रण करून ते इंटरनेटवर सर्वांसाठी खुले ठेवणे, ही वेगळी गोष्ट. तिला वेगळी परवानगी लागते. मोबाइलवरून आलेली कविता ‘आली तशी पुढे’ पाठविताना कवीचे नाव गळते, किंवा भलत्याच मोठ्या कवीचे नाव चिकटते. ती तशीच स्मरणिकेत छापली गेली, तर खऱ्या कवीवर दुहेरी अन्याय होतो. नाव सापडेपर्यंत ती छापू नये, हेच बरे.

काय करावे?

“घ्या हो, वापरा,” अशा तोंडी शब्दावर हक्काचे हस्तांतर होत नाही. ते लेखी आणि देणाराच्या सहीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते, असे धरले जाते. हक्क घेऊन वर्षभरात वापरला नाही आणि लेखात वेगळे ठरलेले नसेल, तर तो परत जातो. हक्क न घेता केवळ वापराची संमती घ्यावयाची असली तरी तीही लेखी असावी. संस्थेला बहुधा एवढीच संमती पुरते. तिचा नमुना असा :

“मी, खाली सही करणार, माझा / माझ्या वडिलांचा ............ हा लेख (पदे, नाटक, छायाचित्र) ............ न्यासास ............ वर्षांसाठी स्मरणिकेत छापण्यास व न्यासाच्या संकेतस्थळावर ठेवण्यास विनामूल्य (किंवा रु. ...... मानधनावर) संमती देत आहे. प्रत्येक ठिकाणी कर्त्याचे नाव छापावे. मजकुरात बदल मला विचारून करावा. स्वामित्वहक्क माझ्याकडेच राहील.”

कर्ता हयात नसेल तर सर्व वारसांच्या सह्या घेणे शहाणपणाचे.

याच्या जोडीला एक वही घालावी : कृतीचे नाव, कर्त्याचे नाव, वर्ष, संस्थेकडे कशी आली, संमती आहे की नाही. हे काम दोन तरुण सभासद आणि एक जुने जाणते गृहस्थ मिळून सुट्टीच्या दिवसांत करू शकतील. जुने जाणते आहेत तोवरच ते झाले पाहिजे. कारण कपाटातील कोणते अक्षर कोणाचे, हे ओळखणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

हक्कभंगाला कायद्यात दंड आणि कारावास दोन्ही सांगितले आहेत. परंतु आपसांत त्या धाकाची गरज पडू नये. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा घातली, आणि शेकडो वर्षे वारकऱ्यांनी अभंग गाताना ती गाळली नाही. त्यांच्यापुढे कोणताही अधिनियम नव्हता. गाणे सर्वांनी गावे आणि नाव ज्याचे त्याचे राहावे, ही रीत आपल्याला नवी नाही. महोत्सवाच्या या वर्षी आपल्या कपाटातील प्रत्येक वहीवर तिच्या कर्त्याचे नाव लिहिले गेले, तरी संस्थेच्या मालमत्तेची एक फार दिवस राहून गेलेली नोंद पुरी होईल.