‘स्वयंचलित’ गाडीच्या सहा पायऱ्या

नाना पेठेतील सुट्या भागांचे व्यापारी आणि गॅरेजवाले बांधव यांनी ‘लेव्हल’ हा शब्द नीट समजून घ्यावा. अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ साली या पायऱ्या ठरवल्या.

० : गाडी चालकच चालवतो, गाडी फार तर इशारा देते किंवा क्षणभर मदत करते.
१ : वेग किंवा स्टिअरिंग, यांपैकी एकच गाडी सांभाळते.
२ : दोन्ही सांभाळते, पण नजर आणि जबाबदारी चालकाचीच.
३ : ठरावीक रस्त्यावर गाडी स्वतः चालते, तिने सांगताच चालकाने ताबा घ्यायचा.
४ : ठरावीक भागात चालकच नको.
५ : कोठेही चालक नको. अशी गाडी अजून बाजारात नाही.

चाकणला तयार झालेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या मॉडेलांत २०२१ पासून दुसऱ्या पायरीची सोय आली. अशा गाड्यांत कॅमेरा पुढच्या काचेमागे, तर रडार पुढच्या भागात असते. काच बदलली किंवा बंपर काढून बसवला, तर त्यांची दिशा किंचित सरकू शकते आणि ब्रेक चुकीच्या वेळी लागू शकतो. म्हणून कंपनीच्या पद्धतीने कॅलिब्रेशन करून घ्यावे. आपल्याकडे यंत्र नसेल तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे, बिलावरही लिहावे. दुरुस्तीला आलेली गाडी ही अमानत आहे.